'जोड' आणि चुरस : गाजलेल्या कुस्त्यांची स्मृती व आजच्या लढती – एक चिकित्सा

प्रस्तावना

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तर महाशिवरात्रीला लातूर शहरात सिद्धेश्वर-रत्नेश्वराची. दोन्ही यात्रांत कुस्त्यांच्या दंगलीला मान आहे. हलगी वाजू लागते, पोरासोरांच्या नारळावरील कुस्त्या सुरू होतात आणि दिवस कलता कलता मानाची शेवटची कुस्ती पुकारली जाते. अशा फडाच्या कडेला बसलेल्या जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : आता तशा कुस्त्या राहिल्या नाहीत. हे विधान स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तथापि त्यात एक निवाडा दडलेला आहे. कोणती लढत थोर आणि कोणती केवळ चुरशीची, याचे काही निकष त्या प्रेक्षकाजवळ आहेत. ते निकष त्याने कोणत्याही ग्रंथातून घेतलेले नाहीत. पण ते आहेत, आणि समीक्षेने त्यांची दखल घेतली पाहिजे.

प्रस्तुत लेखात दोन प्रकारच्या लढतींची तुलना केली आहे. एका बाजूस गामा-झिबिस्को किंवा बिराजदार-सतपाल यांसारख्या, लोकस्मृतीत अढळ झालेल्या कुस्त्या आहेत. दुसऱ्या बाजूस २०२० नंतरच्या 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धांतील लढती आहेत. दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्ती हा या दोहोंमधील एक दुवा आहे, म्हणून तिचाही विचार केला आहे. 'व्यावसायिक' हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. इनाम, मानधन वा कुस्तीमुळे मिळालेली नोकरी यांवर ज्याचा चरितार्थ चालतो, तो मल्ल व्यावसायिक होय. या अर्थाने आपल्या तालमींतील बहुतेक नामवंत मल्ल व्यावसायिकच होते आणि आहेत.

'जोड' : संकल्पनेचे स्वरूप

कुस्तीच्या मराठी परिभाषेतील सर्वांत अर्थपूर्ण शब्द कोणत्याही डावाचा नाही. तो 'जोड' हा आहे. गावच्या फडात पहिलवान हात वर करून मैदानाला फेरी मारतो, तेव्हा तो जोड मागत असतो. जाणकार मंडळी वय, उंची, अंगलट, तालीम आणि मागील कुस्त्या पाहून जोड लावतात. ती लावताना चूक झाली, तर कुस्ती सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षक ओरडून ती मोडायला लावतात. म्हणजेच लढतीच्या गुणवत्तेचा पहिला निवाडा लढतीआधी होतो आणि तो सार्वजनिक असतो. एखाद्या पहिलवानाला जोड मिळत नाही असे म्हटले जाते, तेव्हा ती त्याची स्तुती असते. पण त्यातच त्याच्या अपूर्णतेचीही कबुली असते. तोडीस तोड प्रतिस्पर्धी भेटल्याखेरीज त्याचे बळ सिद्ध होत नाही.

या विचाराची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मल्लविनोद' हे प्रकरण आहे. त्यात मल्लांची वय, देह आणि बळ यांनुसार प्रतवारी सांगितली असून त्यांचा आहार व मेहनत यांचेही वर्णन आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून ते फार दूर नाही. मल्लांची प्रतवारी हा राजाच्या विनोदाचा, म्हणजे रसिकतेचा विषय मानला गेला होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. जोड लावणे ही व्यवस्थापनाची बाब नसून ती रसिकतेची बाब आहे, हे सूत्र आपल्या परिसरात सुमारे नऊशे वर्षांपूर्वी ग्रंथबद्ध झालेले दिसते.

ज्यांना आपण स्वप्नवत म्हणतो त्या कुस्त्या म्हणजे याच सूत्राचा परमोत्कर्ष होय. दोन मल्ल वेगवेगळ्या प्रांतांत, वेगवेगळ्या वस्तादांच्या हाताखाली वाढतात. दोघेही आपापल्या मुलखात अजिंक्य ठरतात. मग 'हे दोघे भिडले तर?' हा प्रश्न लोकांच्या तोंडी येतो आणि तो वर्षानुवर्षे अनुत्तरित राहतो. कुस्तीची थोरवी या प्रश्नात साठत जाते.

गामा-झिबिस्को : प्रतीक्षेचे मोल

या प्रकारचे सर्वश्रुत उदाहरण गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांचे आहे. दिनांक १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे दोघांची कुस्ती झाली. ती सुमारे अडीच तास चालली आणि निकालाविना सुटली. देहाने गामाहून बराच वजनदार असलेला झिबिस्को बहुतांश काळ पालथा पडून बचाव करीत राहिला. पुढील आठवड्यात, १७ सप्टेंबरला, पुन्हा लढत ठरली होती. पण झिबिस्को मैदानात आलाच नाही आणि 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. खरी कुस्ती मात्र बाकीच राहिली. ती झाली जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे. तेव्हा दोघेही पन्नाशीच्या घरात होते. गामाने झिबिस्कोला एका मिनिटाच्याही आत चीत केले.

क्रीडामूल्याच्या दृष्टीने पाहिले, तर यांतील एकही लढत आदर्श म्हणता येणार नाही. पहिली कंटाळवाणी होती, दुसरी डोळे मिटून उघडेपर्यंत संपली. तरीही ही जोड शतकभर टिकली. कारण मधली १७ वर्षे प्रेक्षकांनी ती मनात खेळवली. पराधीन देशातील एका मल्लाने सत्ताधाऱ्यांच्या राजधानीत मिळवलेला अर्धा विजय पूर्ण व्हावा, ही इच्छा त्या प्रतीक्षेत मिसळलेली होती. म्हणून १९२८ सालच्या त्या काही सेकंदांना १९१० सालच्या अडीच तासांचे वजन प्राप्त झाले. थोर कुस्तीचा कालावधी घड्याळावर मोजता येत नाही, असा याचा अर्थ होतो.

बिराजदार-सतपाल : मराठवाड्याचा वाटा

आपल्या परिसराशी निगडित उदाहरण हरिश्चंद्र बिराजदार यांचे आहे. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड येथे १९५० साली त्यांचा जन्म झाला. १९६९ साली ते 'महाराष्ट्र केसरी' झाले आणि ते अधिवेशन लातूरलाच भरले होते. १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, १९७२ साली ते 'रुस्तुम-ए-हिंद' झाले. परंतु लोकांच्या बोलण्यात त्यांचे नाव येते ते यांपैकी कोणत्याही पदकामुळे नव्हे. ते येते १९७७ साली बेळगाव येथे झालेल्या एका कुस्तीमुळे. त्या कुस्तीत त्यांनी दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्यातील सतपाल यांना पराभूत केले.

ही कुस्ती स्मृतीत का राहिली, याची कारणे तपासण्याजोगी आहेत. सतपाल तेव्हा बावीस वर्षांचे होते. १९७४ सालच्या आशियाई स्पर्धेतील कांस्यपदक त्यांच्या नावावर होते आणि उत्तरेतील हा तरुण मल्ल दक्षिण महाराष्ट्रातील मैदाने गाजवीत होता. १९७६ साली कोल्हापूरच्या खासबाग मैदानात युवराज पाटील यांच्याशी झालेली त्यांची कुस्ती आजही सांगितली जाते. बिराजदार पाच वर्षांनी मोठे होते. दिल्ली विरुद्ध कोल्हापूर, उत्तरेची ताकद विरुद्ध दक्षिणेची मल्लविद्या, असे रूप या जोडीला आपोआप आले. सीमाप्रश्नाने धुमसत असलेल्या बेळगावात मराठी मल्लाने ती मारली, या योगायोगानेही तिच्या अर्थात भर घातली असणार.

येथे एका बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बिराजदार लातूरचे, पण त्यांची घडण कोल्हापूरच्या तालमीत झाली आणि त्यांची सर्वांत मोठी कुस्ती बेळगावात झाली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी, खुराक आणि खासबागेसारखे मैदान उभे केले. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याला त्या तोडीचा जवळचा आश्रयदाता लाभला नाही. त्यामुळे आपल्या मल्लाच्या थोर कुस्त्या मराठवाड्याने बहुधा ऐकल्या, पाहिल्या इतरांनी. आपल्याकडील कुस्तीची स्मृती मुख्यतः श्रवणाची स्मृती आहे. ऐकलेली कुस्ती पाहिलेल्या कुस्तीपेक्षा लवकर पुराणात रूपांतरित होते, हे तुलना करताना विसरता कामा नये.

आजची चुरस : तीन प्रसंग

आता अलीकडील लढतींकडे वळू. पहिला प्रसंग ७ जानेवारी २०२० रोजीचा आहे. पुण्यातील बालेवाडी येथे 'महाराष्ट्र केसरी'ची अंतिम लढत लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर यांच्यात झाली. सदगीरने ती ३-२ अशा गुणांनी जिंकली. दोघेही पुण्यात काका पवार यांच्या तालमीत सराव करणारे. अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार हे स्वतः लातूर जिल्ह्याचे आणि हरिश्चंद्र बिराजदार यांचे शिष्य. म्हणजे बिराजदारांच्या परंपरेतील दोन गुरुबंधूंनी गदेसाठी एकमेकांशी झुंज दिली. निकालानंतर सदगीरने पराभूत शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. त्या लढतीतील कोणत्याही डावापेक्षा हे दृश्य अधिक लोकांच्या लक्षात राहिले.

जोडीच्या जुन्या कल्पनेनुसार ही लढत स्वप्नवत ठरू शकत नाही. येथे अनुत्तरित प्रश्न नव्हता; दोघे एकाच हौदात रोज एकमेकांशी लढत होते. प्रांताभिमानाचा ताणही तिच्यात फारसा नव्हता. मूळचा अकोले तालुक्यातला सदगीर नाशिककडून खेळत होता. तरीही तिच्यात एक गुण होता, जो जुन्या कुस्तीत प्राणभूत मानला जाई : पराभूताचे स्थान अबाधित राहिले. एका गुणाने हरलेला शेळके लहान झाला नाही. विजेत्यानेच त्याला सर्वांच्या देखत वर उचलले.

दुसरा प्रसंग २०२३ चा आहे. त्या वर्षी जानेवारीत पुण्यातील स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत 'बाहेरील टांग' या डावाला दिलेल्या चार गुणांवरून वाद उसळला. तो आठवडाभर समाजमाध्यमांवर चालला आणि पंचांना धमक्या येण्यापर्यंत गेला. स्पर्धा जिंकली ती नांदेडचे प्रतिनिधित्व करणाऱ्या शिवराज राक्षेने. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन वेगवेगळ्या संघटनांनी दोन 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा भरवल्या. पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे सिकंदर शेखने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत करून गदा पटकावली; त्यानंतर काही दिवसांतच धाराशिव येथे राक्षे दुसऱ्यांदा 'महाराष्ट्र केसरी' ठरला. एकाच महिन्यात राज्याला दोन केसरी मिळाले. ज्या किताबाचा पहिला मान १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी यांना मिळाला होता, त्याचे एकवचनच येथे हरवले.

तिसरा प्रसंग २ फेब्रुवारी २०२५ रोजीचा, अहिल्यानगर येथील. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध राक्षेला चीत घोषित करण्यात आले. आपली पाठ टेकलीच नाही, असे म्हणत राक्षेने दाद मागितली. ती न मिळाल्यावर पंचांना लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. अंतिम फेरीत महेंद्र गायकवाडने गुणाच्या वादावरून शेवटच्या क्षणांत मैदान सोडले आणि मोहोळ विजयी ठरला. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घोषित झाली. पंचावर हात वा पाय उचलणे कोणत्याही निकषाने समर्थनीय नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. या तिन्ही वर्षांत मल्लांची ताकद, चपळाई आणि तंत्र कमी पडले असे म्हणता येत नाही. मग २०२० ची लढत सांगताना आवाज मऊ होतो आणि २०२५ ची सांगताना तो कडवट होतो, असे का?

निकाल वाचण्याचा अधिकार

प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाचे उत्तर निकाल कोणाला वाचता येतो, यात आहे. जुन्या निकाली कुस्तीचा निकष एकच होता : पाठ मातीला लागली की संपले. हा निकष फडातील शेवटच्या रांगेतील माणसालाही दिसत असे. पाठीला चिकटलेली लाल माती हा पुरावा असे आणि तो पुसता येत नसे. प्रेक्षक हा केवळ साक्षीदार नव्हता. तो सहपंच होता. जोड लावण्यात त्याचा वाटा होता, निकालाच्या मान्यतेतही होता.

आजच्या लढतीला तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. ताबा, रेषेबाहेर ढकलणे, निष्क्रियता, धोकादायक स्थिती, प्रत्येकाचे गुण वेगळे. शंका आल्यास चित्रफीत पाहून निर्णय तपासला जातो. ही पद्धती आंतरराष्ट्रीय आहे, मोजमापाच्या दृष्टीने अधिक काटेकोर आहे आणि ती स्वीकारल्यावाचून ऑलिंपिकची वाट नाही. पण तिच्यामुळे निकाल वाचण्याचा अधिकार प्रेक्षकाकडून तज्ज्ञाकडे गेला. नियम न समजणाऱ्या प्रेक्षकाला एक गुण कोणाला आणि का मिळाला, हे उमगत नाही. जे उमगत नाही त्याबद्दल संशय घेणे त्याला सोपे जाते. म्हणून पूर्वी वाद होई तो 'कोण श्रेष्ठ' यावर. आता होतो तो 'पंच कोणाचा' यावर. प्रतिस्पर्धी बदलला आहे. मल्लासमोर मल्ल उभा असतो, पण प्रेक्षकाच्या मनातील झुंज मल्ल आणि पंच यांच्यात लागलेली असते. अशी झुंज थोर होऊ शकत नाही, कारण ती मुळात जोडच नाही.

या दृष्टीने २०२० च्या लढतीतील ते दृश्य अधिक अर्थपूर्ण ठरते. ३-२ हा निकाल सामान्य प्रेक्षकाला वाचता येण्याजोगा नव्हता. सदगीरने शेळकेला उचलून तो वाचनीय केला. दोन्ही मल्लांना हा निकाल मान्य आहे, हे शब्दांवाचून सर्वांना कळले.

दूरचित्रवाणीवरील झुंज

१९९० च्या दशकात उपग्रहवाहिन्या गावोगाव पोचल्या आणि अमेरिकी व्यावसायिक कुस्ती आपल्या घरांत आली. लातूर-नांदेडच्या शाळकरी मुलांच्या खिशात त्या मल्लांच्या चित्रांचे पत्ते खुळखुळू लागले. त्या कुस्तीत शत्रुत्व लिहिलेले असते. अपमान, विश्वासघात, सूड, पंचाचा पक्षपात असे टप्पे ठरवून महिनोन्‌महिने ते वाढवले जाते. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ सालच्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात व्यावसायिक कुस्तीला खेळ न मानता प्रयोग मानले. निकाल खरा की ठरवलेला, हा प्रश्नच तिच्या प्रेक्षकाला पडत नाही. त्याला दुःख, पराभव आणि न्याय यांची ठळक चित्रे हवी असतात, अशी त्यांची मांडणी आहे.

या दोन परंपरांमध्ये अभेद्य भिंत आहे असे मात्र समजू नये. गामाशी लढलेला झिबिस्को पुढे अमेरिकेतील व्यावसायिक वर्तुळात वावरला. १९२५ साली वेन मन या मल्लाशी ठरल्याप्रमाणे हरण्याऐवजी त्याने मनला खरोखरच पुन्हा पुन्हा चीत केले आणि आयोजकांची योजना उधळली. आपल्याकडेही दारासिंग आणि किंग काँग यांच्या १९५० च्या दशकातील लढतींना लोटलेल्या गर्दीत प्रयोगाचा आनंद आणि कुस्तीची श्रद्धा या दोन्ही गोष्टी होत्या. १९६८ साली मुंबईत दारासिंगने लू थेझला हरवले, तेव्हा ती श्रद्धाच अधिक बोलली. २०१५ साली सुरू झालेल्या प्रो रेसलिंग लीगने संघ, लिलाव आणि प्रकाशझोत आणले. पण निकाल मात्र मल्लांकडेच ठेवला.

या दुव्याचा परिणाम प्रेक्षकाच्या वाचनपद्धतीवर झाला आहे. पंचाशी वाद, मैदान सोडून जाणे, कॅमेऱ्यासमोरील आव्हान या गोष्टी पडद्यावरील कुस्तीत कथानकाचे टप्पे असतात. त्या सवयीने पाहणाऱ्याला २०२५ ची लाथ हाही एक रंगतदार भाग वाटू शकतो. वस्तुतः तेथे कथानक नव्हते. तेथे दोन तरुणांची तीन तीन वर्षे पणाला लागली. खऱ्या नुकसानीकडे प्रयोग म्हणून पाहणे, हा या काळाचा वाचनदोष होय.

स्मृतीची चिकित्सा

येथवरच्या विवेचनावरून जुने ते सोने असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्मृतीही पक्षपाती पंच असते. तिच्याविरुद्ध किमान तीन आक्षेप नोंदवले पाहिजेत.

पहिला आक्षेप निवडीचा. पूर्वीच्या किती कुस्त्या बरोबरीत सोडवल्या गेल्या आणि किती वेळा प्रेक्षक हात हलवीत घरी परतले, हे कोणी सांगत नाही. १९७७ सालची 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धाच अनिर्णित राहिली होती. शेळके-सदगीर लढत जुन्या पद्धतीने झाली असती, तर तीही बहुधा बरोबरीतच सुटली असती आणि आज तिचे नाव कोणी घेतले नसते.

दुसरा आक्षेप वजनाचा. स्वप्नवत कुस्त्यांच्या यादीत केवळ धिप्पाड मल्ल दिसतात. १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव बँटमवेट गटातले होते. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे याने बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्याकडे धडे घेतले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. वजनगट आणि गुणपद्धती नसती, तर या मल्लांना त्यांच्या योग्यतेची जोड मिळालीच नसती. काका पवारांचे यश ग्रीको-रोमन प्रकारातले. त्या प्रकाराला तर लोकस्मृतीत फडच नाही. मराठवाड्याची अलीकडील खरी मिळकत नेमकी तेथे आहे जेथे जुनी स्मृती पाहत नाही.

तिसरा आक्षेप आश्रयाचा. स्वप्नवत जोडी संस्थानिकांच्या मर्जीने लागत. पतियाळाची कुस्ती महाराजांच्या इच्छेवाचून झाली नसती. कोण कोणाशी लढणार, हे ठरवण्याची सत्ता मल्लाकडे नव्हती. आज जिल्हा संघटनेची निवड चाचणी जिंकून कोणत्याही घरातला मुलगा राज्य स्पर्धेत उतरू शकतो. राजगुरुनगरचा मल्ल नांदेडकडून आणि अकोल्याचा नाशिककडून खेळतो, ही तडजोड जिल्ह्याच्या अभिमानाला खटकेल. पण मल्लाच्या दृष्टीने तो संधीचा मार्ग आहे. नांदेडकरांनी मात्र स्वतःला एक प्रश्न विचारावा : आपल्या नावाने गदा यावी, असे आपल्याला वाटते की आपल्या मातीतून मल्ल घडावा, असे वाटते? दोन्ही इच्छा एकाच वाक्यात बोलल्या जातात. पण त्या एक नाहीत.

समारोप

या तुलनेतून थोर लढतीची तीन लक्षणे हाती लागतात. तिच्याआधी एक सामायिक प्रश्न असावा लागतो. तिचा निकाल पाहणाऱ्याला वाचता यावा लागतो. आणि तिच्यानंतर पराभूताला स्थान उरावे लागते. जुन्या कुस्त्यांत पहिले लक्षण विपुल होते, कारण भेटी दुर्मीळ होत्या. आजच्या स्पर्धांत ते क्षीण होणे अटळ आहे. वेळापत्रकानुसार वर्षातून तीनदा भेटणाऱ्या मल्लांविषयी कुतूहल साठत नाही. परंतु उरलेली दोन लक्षणे काळाने हिरावलेली नाहीत. ती व्यवस्थेच्या आणि संस्काराच्या कक्षेत आहेत. प्रत्येक गुणाचे कारण ध्वनिक्षेपकावरून मराठीत सांगणे, वादग्रस्त डावाची चित्रफीत प्रेक्षकांनाही दाखवणे आणि एका किताबाची एकच स्पर्धा भरवणे, या गोष्टी अवघड नाहीत. पराभूताला उचलून घेण्याचे शिक्षण मात्र नियमपुस्तकात लिहिता येत नाही. ते हौदातच मिळते, वस्तादाकडून.

महाविद्यालयांनाही यात काम आहे. हरिश्चंद्र बिराजदार यांचे १४ सप्टेंबर २०११ रोजी निधन झाले. त्यांच्या पिढीतील मल्ल, पंच, हलगीवादक आणि फडाच्या कडेचे प्रेक्षक आज उतारवयात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, यात्रांतील दंगलींची हस्तपत्रके जमवणे आणि त्यांतील भाषेचा अभ्यास करणे, हे मराठी, इतिहास आणि शारीरिक शिक्षण या तीन विभागांनी मिळून करण्याजोगे काम आहे. असे दस्तऐवज हाती आले, की फडाच्या कडेचे ते जुने वाक्य तपासता येईल. कदाचित ते खोटेही ठरेल. तोवर इतकेच म्हणता येईल की बेळगावची १९७७ सालची कुस्ती आणि बालेवाडीची २०२० सालची लढत यांच्यामध्ये नियम बदलले, माती जाऊन गादी आली. पण वस्तादाची ओळ तुटली नाही. रामलिंग मुदगडहून निघालेली ती ओळ लातूरच्या शैलेश शेळकेपर्यंत पोचते आणि ज्या खांद्यावर तो त्या दिवशी बसला, तो खांदाही तिच्यातलाच होता.